पुढच्या वर्गातला मुलगा : एव्हारिस्त गाल्वा

वर्गसमीकरण सोडविण्याचे सूत्र आपण सर्वांनी दहावीत पाठ केले आहे. कला शाखेला गेलेले ते विसरले असतील, आम्ही वाणिज्यवाले अर्धवट विसरलो आहोत. पण असे एक सूत्र आहे आणि त्यात सहगुणक भरले की उत्तर हमखास मिळते, एवढी खात्री प्रत्येकाच्या मनात राहिलेली असते. तिसऱ्या आणि चौथ्या घाताच्या समीकरणांची सूत्रे इटालियन गणितज्ञांनी सोळाव्या शतकात शोधून काढली. मग पाचव्या घाताचे काय? या प्रश्नापाशी पुढची अडीचशे वर्षे युरोपातील थोर थोर गणिती येऊन थांबले. या प्रश्नाच्या मुळाशी जाऊन ज्याने त्याचा कायमचा निकाल लावला, तो मरण पावला तेव्हा वीस वर्षे सात महिन्यांचा होता. म्हणजे आज माझे जे वय आहे तेच. त्याचे गणित आपल्या विद्यापीठांत साधारणपणे एम.एस्सी.ला शिकवितात, तेव्हा ते शिकणारा विद्यार्थी ते लिहिणाऱ्यापेक्षा वयाने मोठा असतो!

एव्हारिस्त गाल्वाचे नाव निघाले की द्वंद्वयुद्ध, तुरुंग आणि मृत्यूच्या आदल्या रात्रीचे पत्र एवढेच बहुधा सांगितले जाते. ते सर्व घडले, आणि त्याविषयी पुढे येईलच. पण मला त्याच्या शाळेविषयी अधिक लिहायचे आहे. एखादे मूल गणितात वर्गाच्या फार पुढे असेल तर त्याला वरच्या वर्गात बसवावे काय, बसविल्यास मधले काय सुटते, न बसविल्यास काय बिघडते, हा वाद आपल्या घरांतून आणि स्टाफरूममधून आजही चालतो. गाल्वाच्या बाबतीत मागे बसविणे, पुढे उडी मारू देणे आणि शेवटी नापास करणे असे तिन्ही प्रयोग दोन-अडीच वर्षांत होऊन गेले.

त्याचा जन्म २५ ऑक्टोबर १८११ रोजी पॅरिसजवळच्या बूर-ला-रेन या गावी झाला. वडील निकोला-गाब्रिएल मुलांची एक शाळा चालवीत. १८१५ मध्ये ते गावचे मेयर झाले. राजा आणि धर्मगुरू यांच्यापेक्षा क्रांतीने आणलेल्या नव्या विचारांकडे त्यांचा ओढा होता. आई कायदेपंडितांच्या घराण्यातील, लॅटिन व ग्रीक उत्तम जाणणारी. मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत तिनेच त्याला घरी शिकविले.

ऑक्टोबर १८२३ मध्ये तो पॅरिसच्या लुई-ल-ग्राँ या प्रसिद्ध शाळेत चौथ्या वर्गात दाखल झाला. फ्रान्समध्ये वर्गांची मोजणी आपल्या उलट चालते. चौथ्यानंतर तिसरा, तिसऱ्यानंतर दुसरा. आणि त्याच्या वरच्या वर्गाला त्या काळी आकड्याऐवजी वक्तृत्वाचा वर्ग असे म्हणत. मुख्य अभ्यास लॅटिन आणि ग्रीकचा. गणित हा एक जोडविषय होता. त्याचे तास वेगळे भरत. वसतिगृहाची शिस्त कडक होती, आणि राजकारण तर भिंती ओलांडून आत आलेले होते. गाल्वा दाखल झाल्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १८२४ मध्ये, विद्यार्थ्यांनी बंडाळी केली, मेजवानीच्या वेळी राजाच्या नावाने प्याला उंचावण्यास नकार दिला आणि शंभराहून अधिक मुले काढून टाकली गेली. गाल्वा त्यांत नव्हता. पहिली वर्षे त्याने चांगली काढली, लॅटिनमध्ये बक्षिसेही मिळविली.

१८२६ च्या शरद ऋतूत तो वक्तृत्वाच्या वर्गात गेला. मुख्याध्यापकांचे मत पडले की मुलगा या वर्गासाठी लहान आहे, त्याची समज अजून पिकलेली नाही. जानेवारी १८२७ मध्ये त्याला खाली, दुसऱ्या वर्गात परत पाठविण्यात आले. पंधरा वर्षांच्या मुलाला वर्ष चालू असताना मागच्या बाकावर नेऊन बसविणे किती लागते, हे ज्याच्यावर तशी पाळी आली असेल त्यालाच कळेल. पण एक गोष्ट विचित्र झाली. जो अभ्यास एकदा होऊन गेला होता तोच पुन्हा असल्याने गाल्वाला वेळ मोकळा मिळाला. आणि त्या वेळात तो व्हेर्निये नावाच्या शिक्षकांच्या गणिताच्या प्राथमिक वर्गात जाऊन बसू लागला.

गणिताचा वर्ग वेगळा होता म्हणूनच हे शक्य झाले. आपल्याकडे सातवीतला मुलगा सर्वच विषयांत सातवीत असतो. त्या शाळेत मात्र लॅटिनमध्ये मागे टाकलेला मुलगा गणितात आपल्या वेगाने पुढे जाऊ शकत होता. हे कोणी मुद्दाम प्रतिभावंतांसाठी आखले होते असे नाही. गणिताला कमी महत्त्व होते म्हणून ते बाजूला ठेवले होते, इतकेच. त्या दुय्यमपणाचा गाल्वाला फायदा झाला.

वर्गात पाठ्यपुस्तक होते लझांद्र यांच्या भूमितीचे. १७९४ मध्ये निघालेल्या या पुस्तकावर फ्रान्समधील पिढ्या शिकल्या. सामान्य विद्यार्थ्याला ते पुरे करायला दोन वर्षे लागत आणि गाल्वाने ते दोन दिवसांत वाचून काढले, असे सांगतात. दोन दिवस की दोन आठवडे, यावर मी भांडणार नाही; अशा गोष्टी माणूस मोठा झाल्यावर फुगत जातात. पण भूमिती संपवून तो बीजगणिताच्या शालेय पुस्तकाकडे वळला नाही, थेट लाग्रांझ यांच्या मूळ ग्रंथांकडे गेला, हे मात्र खरे. लाग्रांझ यांनी १७७० च्या सुमारास एक नवा विचार मांडला होता. सूत्रे शोधत बसण्याऐवजी त्यांनी विचारले, की समीकरणाच्या मुळांची आपापसांत अदलाबदल केली तर काय होते? मोठ्यांसाठी लिहिलेले ते प्रश्न पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती मध्ये कोणताही टप्पा न लागता आले.

त्यानंतर त्याचे बाकीच्या विषयांवरचे लक्ष उडाले. वक्तृत्वाच्या वर्गात तो पुन्हा चढला, पण शिक्षकांचे शेरे बदलले. मुलगा विक्षिप्त आहे, त्याच्यावर गणिताचे भूत बसले आहे, तो येथे वेळ वाया घालवितो, पालकांनी त्याला केवळ गणितच शिकू द्यावे हे बरे, अशा आशयाच्या नोंदी आहेत. हा शेवटचा सल्ला चिडून दिलेला असला तरी मला तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो. व्हेर्निये यांचा शेरा वेगळाच होता. बुद्धी आहे, प्रगती ठळक आहे, परंतु पद्धत पुरेशी नाही, असे त्यांनी नोंदविले.

चरित्रे लिहिणारे व्हेर्निये यांना बहुधा मंद शिक्षकाच्या रांगेत बसवितात. मला तसे वाटत नाही. हिशेबाच्या पेपरात ताळेबंद जुळला तरी वर्किंग नोट्स लिहिल्या नसतील तर गुण कापतात, आणि आम्ही कुरकुरतो. पण आकडा कोठून आला हे दुसऱ्याला दिसले पाहिजे, ही मागणी काही चुकीची नाही. व्हेर्निये हेच सांगत होते. त्यांना मुलाची उंची मोजता आली नसेल. उणीव मात्र त्यांनी अचूक पाहिली होती.

१८२८ च्या उन्हाळ्यात गाल्वाने एकोल पॉलिटेक्निक या संस्थेची प्रवेशपरीक्षा दिली. १७९४ मध्ये क्रांतीच्या काळात स्थापन झालेली ही संस्था म्हणजे त्या वेळी फ्रान्समधील गणिताचे माहेरघर. तिच्या तयारीसाठी शाळांत विशेष गणित नावाचा स्वतंत्र वर्ग असे. त्यात वर्षभर घोटून मगच परीक्षेला बसायचे अशी रीत. गाल्वा तो वर्ग न करताच, एक वर्ष आधी बसला आणि नापास झाला. लाग्रांझ वाचलेल्या मुलाला शाळेतल्या नेहमीच्या गोष्टी येत नव्हत्या काय? काही येत नसणार. परीक्षा तोंडी आणि फळ्यापाशी होई. ठरावीक प्रश्न, ठरावीक मांडणी. ज्या वर्षभराला तो ओलांडून गेला होता, नेमके त्याच वर्षाचे सामान तेथे मागितले जात होते.

येथे आपल्या रामानुजनची आठवण होते. कुंभकोणमच्या कॉलेजात त्यांची शिष्यवृत्ती गेली आणि पुढे एफ.ए.च्या परीक्षेतही ते नापास झाले, पण ते इतर विषयांपायी. गाल्वा गणितातच नापास झाला. हे अधिक बोचणारे आहे.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो विशेष गणिताच्या वर्गात आला. शिक्षक होते लुई-पॉल-एमिल रिशार, वय तेहतीस. या शिक्षकाने स्वतः काही प्रसिद्ध केले नाही. पण चालू गणितात काय घडते आहे त्यावर त्यांची नजर असे आणि ते वर्गात आणीत. नेपच्यून ग्रहाची जागा गणिताने सांगणारे ल्व्हेरिये हेही त्यांचेच विद्यार्थी. रिशार यांनी गाल्वाला पहिल्या काही दिवसांतच ओळखले. हा मुलगा गणिताच्या केवळ वरच्या भागातच काम करतो, असा शेरा त्यांनी दिला, पण तक्रारीच्या सुरात नव्हे. पॉलिटेक्निकने त्याला परीक्षेवाचून प्रवेश द्यावा असे त्यांचे मत होते. वर्गात गाल्वा सोडवून दाखवी ती उदाहरणे त्यांनी जपून ठेवली. त्याला लिहून छापायला पाठविण्याचा धीर दिला. एप्रिल १८२९ मध्ये झेर्गोन यांच्या गणितविषयक नियतकालिकात सतरा वर्षांच्या या शाळकरी मुलाचा पहिला निबंध आला. विषय होता सतत अपूर्णांक. २५ मे आणि १ जून रोजी समीकरणांवरचे त्याचे लेखन फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे गेले आणि परीक्षक म्हणून कोशी यांची नेमणूक झाली.

हे लेखन कशाविषयी होते? थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न करतो. क्रमचय अकरावीला शिकलेल्यांना अवघड जाऊ नये. क्ष वर्ग वजा ५ बरोबर शून्य, या समीकरणाची दोन मुळे आहेत, एक धन आणि एक ऋण. त्यांची बेरीज शून्य, गुणाकार उणे ५. मुळांची अदलाबदल केली तरी ही दोन्ही विधाने खरीच राहतात. परिमेय संख्यांच्या नजरेने पाहिले तर कोणते मूळ कोणते हे ओळखताच येत नाही. गाल्वाने प्रत्येक समीकरणासाठी अशा सर्व निर्धोक अदलाबदलींचा एक संच मानला. त्याला त्याने ग्रुप हे नाव दिले. चार मुळांच्या सर्वसाधारण समीकरणात अशा २४ अदलाबदली असतात. या २४ च्या पोटात १२ चा ग्रुप, त्यात ४ चा, त्यात २ चा आणि शेवटी १, अशी पायरीपायरीने उतरण लागते. आणि प्रत्येक पायरी म्हणजे एकेक वर्गमूळ किंवा घनमूळ काढणे. म्हणून चौथ्या घाताला सूत्र आहे. पाच मुळांच्या १२० अदलाबदली होतात. त्यात ६० चा ग्रुप सापडतो, आणि तेथे जिना संपतो. त्या ६० ची हव्या त्या रीतीने पुढे फोड होतच नाही. पाचव्या घाताला सर्वसाधारण सूत्र नाही हे नॉर्वेच्या नील्स आबेलने १८२४ मध्येच दाखविले होते. पण कोणतेही समीकरण घेतले तर ते मुळे काढून सुटेल की नाही, याची कसोटी गाल्वाची आहे. आकडेमोड करण्याऐवजी आकडेमोडीच्या रचनेकडे पाहायचे, ही नजर त्याने गणिताला दिली.

जून १८२९ पर्यंत सारे चांगले चालले होते. गावात एका पाद्र्याने मेयरविरुद्ध कारस्थान चालविले. मेयरच्या नावाने त्याच्याच नातेवाइकांची टिंगल करणारी खोटी कवने पसरविली. मानी स्वभावाच्या निकोला-गाब्रिएल यांनी २ जुलै १८२९ रोजी पॅरिसमध्ये आत्महत्या केली. त्यानंतर काही आठवड्यांतच एव्हारिस्त पॉलिटेक्निकच्या परीक्षेला दुसऱ्यांदा उभा राहिला. दोनपेक्षा अधिक वेळा बसता येत नसे. परीक्षकांनी लॉगरिदमवर काही विचारले, गाल्वाला ते इतके उघड वाटले की समजावून सांगण्याची त्याने तयारी दाखविली नाही, आणि शेवटी फळा पुसण्याचे फडके परीक्षकांच्या तोंडावर फेकले, अशी कथा आहे. फडक्याची गोष्ट नंतर रचलेली असावी. निकाल तोच राहिला. वडिलांची माती होऊन महिनाही न झालेल्या मुलाला फळ्यापाशी उभे करणाऱ्यांना ते ठाऊक होते की नाही, हा प्रश्न मात्र मला सुटत नाही.

मग त्याने शिक्षक घडविणाऱ्या एकोल नॉर्मालमध्ये प्रवेश घेतला. त्यासाठी लागणारी पदवीपरीक्षा १८२९ च्या डिसेंबरात झाली. गणिताच्या परीक्षकांनी हा विद्यार्थी कधी कधी अस्पष्ट बोलतो, पण बुद्धिमान आहे, असे लिहिले. भौतिकशास्त्राच्या परीक्षकांनी याला काहीही येत नाही असा निर्वाळा दिला आणि हा पुढे चांगला शिक्षक होईल यावर अविश्वास दाखविला.

अकादमीकडील लेखनाचे पुढे काय झाले? कोशी यांनी ते हरविले असे पूर्वी सर्रास लिहीत. कोशी यांनी जानेवारी १८३० मध्ये लिहिलेले एक पत्र १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून ते गाल्वाच्या कामाविषयी अकादमीपुढे बोलणार होते, त्या दिवशी प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत, असे दिसते. पुढच्या बैठकीत मात्र ते केवळ स्वतःच्या निबंधावर बोलले. फेब्रुवारीत गाल्वाने नव्याने लिहिलेला निबंध अकादमीच्या मोठ्या पारितोषिकासाठी दिला. तो सचिव फूर्ये यांच्याकडे गेला, मे महिन्यात फूर्ये वारले आणि त्यांच्या कागदांत निबंध सापडला नाही. पारितोषिक याकोबी आणि आदल्या वर्षी सव्विसाव्या वर्षी निधन पावलेला आबेल यांना मिळाले.

यापुढचे राजकारण मी भरभर सांगतो. जुलै १८३० च्या क्रांतीत पॉलिटेक्निकचे विद्यार्थी रस्त्यावर लढले. नॉर्मालच्या संचालकांनी आपल्या विद्यार्थ्यांना दारे लावून आत कोंडले. गाल्वाने संचालकांवर वर्तमानपत्रात टीका केली आणि त्याला काढून टाकण्यात आले. मे १८३१ मध्ये एका मेजवानीत हातात चाकू धरून राजा लुई-फिलिपच्या नावाने प्याला उंचावल्याबद्दल त्याला अटक झाली. त्यातून तो निर्दोष सुटला. १४ जुलै रोजी बंदी घातलेल्या तोफदळाचा गणवेश घालून सशस्त्र निघाला म्हणून पुन्हा पकडला गेला, आणि सहा महिन्यांची शिक्षा झाली.

पण त्या वर्षाच्या आरंभीची एक गोष्ट राजकारणापेक्षा मला मोठी वाटते. जानेवारी १८३१ मध्ये, नॉर्मालमधून नाव कमी झाल्यावर, त्याने एका पुस्तकाच्या दुकानात बीजगणिताचे जाहीर वर्ग सुरू केले. शिकविण्याचा विषय शाळेतले बीजगणित नव्हे, स्वतःचे नवे सिद्धान्त! सुरुवातीला लोक जमले. हळूहळू कोणी येईनासे झाले. त्याच महिन्यात प्वासाँ यांच्या सांगण्यावरून त्याने निबंध तिसऱ्यांदा अकादमीला दिला. प्वासाँ आणि लाक्रवा यांचा अहवाल जुलैत आला. समजून घेण्याचा आम्ही प्रयत्न केला, परंतु युक्तिवाद पुरेसा स्पष्ट नाही आणि पुरेसा विस्तारलेलाही नाही, म्हणून मत देता येत नाही, असा त्याचा आशय होता. शाळेत व्हेर्निये यांनी जे लिहिले तेच अकादमीने लिहिले. मधल्या पायऱ्या तो बोलूनही दाखवीत नसे आणि कागदावरही उतरवीत नसे. एका रिशार यांच्याच वर्गात त्याला त्या भरून घेणारे कोणी भेटले होते, आणि तेही जेमतेम एक वर्ष.

मार्च १८३२ मध्ये पॅरिसमध्ये पटकीची साथ आली आणि कैद्यांपैकी काहींना तुरुंगातून हलविले. गाल्वाला एका शुश्रूषागृहात ठेवले. तेथे स्तेफानी नावाच्या तरुणीशी त्याची ओळख झाली. द्वंद्वयुद्धाच्या मागे हेच प्रकरण होते की आणखी काही, यावर आजही चर्चा चालू आहे. २९ मे १८३२ च्या रात्री त्याने मित्र ओग्युस्त शव्हालिये याला लांब पत्र लिहिले. सारे गणित त्याने त्या एका रात्रीत लिहून काढले ही लोकप्रिय समजूत खरी नाही. मुख्य निबंध वर्षभरापूर्वीचाच होता. त्या रात्री त्याने तो तपासला, समासात दुरुस्त्या केल्या आणि पुढच्या संशोधनाची दिशा पत्रात मांडली. पुढे फोड न होणारा तो ६० चा ग्रुपही त्या पत्रात आहे. याकोबी किंवा गाउस यांना या प्रमेयांच्या महत्त्वाविषयी जाहीरपणे मत विचारावे, अशी विनंती त्याने मित्राला केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात गोळी लागली. ३१ मे रोजी रुग्णालयात, धाकटा भाऊ आल्फ्रेड उशाशी असताना, तो गेला.

आल्फ्रेड आणि शव्हालिये यांनी कागद उतरवून काढून जाणत्यांकडे पाठविले. ते शेवटी ल्यूव्हील यांच्या हाती आले. त्यांनी चिकाटीने ओळ न् ओळ पाहिली, सुटलेल्या पायऱ्या स्वतः भरल्या, सिद्धता बरोबर आहे अशी खात्री करून घेतली आणि १८४६ मध्ये आपल्या नियतकालिकात ते सर्व छापले. गाल्वा जाऊन चौदा वर्षे झाली होती.

रिशार तोपर्यंत हयात होते आणि त्याच शाळेत शिकवीत होते. १८४० च्या सुमारास त्यांच्या वर्गात शार्ल एर्मीत नावाचा मुलगा आला. हाही लाग्रांझ वाचणारा. यालाही परीक्षेची तयारी करण्याचा कंटाळा. १८४२ मध्ये तो पॉलिटेक्निकमध्ये अडुसष्टाव्या क्रमांकाने कसाबसा शिरला. १८५८ मध्ये पाचव्या घाताचे समीकरण मुळे काढून नव्हे, तर विवृत्तीय फलनांच्या वाटेने सोडवून दाखविणारा गणिती तो हाच. रिशार १८४९ मध्ये वारले. गाल्वाच्या वर्गातल्या वह्या त्यांनी वीस वर्षे सांभाळल्या होत्या. त्या त्यांनी एर्मीतला दिल्या.